श्राद्धानंतर थेट अश्वमेध

॥ श्रीराम समर्थ ॥



जवळजवळ महिनाभर चिंतन लिहून झालं नाही. काहींनी निरोप पाठवून विचारपूस केली, त्यांचे आभार. माझे थोरले बंधू गेले. त्यांना मी दादा म्हणत असे. म्हणत असे म्हणजे अकरा वर्षांपूर्वीपर्यंत. त्याविषयी पुढे येईलच.

आपला वाचनाचा क्रम भीष्मपर्वात होता. तो तिथेच ठेवून आज शांतिपर्वाचा पहिला अध्याय आणि अनुशासनपर्वाचा पहिला अध्याय घेतो आहे. क्रम मोडणं मला स्वतःला पसंत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या महिन्यात मी दुसरंच एक महाभारत वाचलं, इंग्रजीतलं आणि संक्षिप्त, आणि त्यात हे दोन अध्याय नव्हते. नव्हते म्हणूनच ते आठवले.

पुस्तक वडिलांचं. वाटणीत त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली, तिच्या तळाशी होतं. रमेशचंद्र दत्त यांनी केलेला रामायण आणि महाभारताचा इंग्रजी पद्यानुवाद, दोन्ही एकाच छोट्या जाडसर पुस्तकात. वडील शाळेत इंग्रजी शिकवत. दादा मॅट्रिकला असताना ते त्याला यातलं मोठ्याने वाचायला लावत, उच्चार सुधारावेत म्हणून. मी धाकटा. ओळीच्या शेवटी यमक आलं की मला हसू यायचं, आणि मी हसलो की दादालाही. मग दोघांनाही बोलणी.

सुतकात पोथीला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. इंग्रजी पुस्तकाला ती लागू नाही, अशी मी मनाची समजूत घातली. (धर्माच्या बाबतीत माणूस किती वकिली करतो पाहा.) म्हणून ते बाहेर काढलं.

दत्तांविषयी थोडं सांगायला हवं. बंगालचे हे गृहस्थ आयसीएस अधिकारी. १८९७ साली नोकरी सोडून लंडनला गेले आणि १८९८ साली त्यांचं महाभारत तिथे प्रसिद्ध झालं. प्रस्तावना मॅक्स म्युलर यांची. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानच्या गरिबीची आर्थिक कारणं मांडणारे दत्त ते हेच. शेवटची वर्षं त्यांनी बडोदा संस्थानाच्या सेवेत काढली आणि १९०९ साली बडोद्यालाच ते वारले. इंग्रज वाचकाला आपलं महाकाव्य कळावं, एका बैठकीत नाही तरी चार बैठकींत वाचून व्हावं, हा त्यांचा हेतू. तोवर किसारी मोहन गांगुलींचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर, १८८३ ते १८९६ या काळात, बाहेर पडलं होतं. पण ते वाचायचं म्हणजे आयुष्यातली दोन-तीन वर्षं बाजूला काढायची. दत्तांनी मुळातले सुमारे नव्वद हजार श्लोक इंग्रजीच्या दोन हजार यमकी द्विपदींत आणले.

आपल्याकडे 'संक्षिप्त' म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे. मलाही होती. पण विचार करा, संक्षेप ही काही इंग्रजांची खोड नव्हे. वाल्मीकी रामायणाचा पहिलाच सर्ग काय आहे? नारद सुमारे शंभर श्लोकांत सगळं रामायण वाल्मीकींना सांगून मोकळे होतात. वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला रामाची कथा सांगतात, तीही आटोपशीर. महाभारताच्या आरंभीच धृतराष्ट्र एका अध्यायात सगळ्या युद्धाचा पाढा वाचतो. हे थोडक्यातही आहे आणि विस्तारानेही, जाणत्यांना दोन्ही हवं असतं, असं आदिपर्व स्वतःच सांगतं. आणि आपण लहानपणी ऐकलं ते तरी काय होतं? श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप. तोही निवडलेलाच की. मी स्वतः मूळ ग्रंथ, म्हणजे चिपळूणकर मंडळींचे मराठी खंड, पहिल्यांदा सलग वाचले ते निवृत्तीनंतर. त्याआधीची साठ वर्षं मी महाभारत 'वाचलेला' माणूस म्हणून वावरत होतो, ते संक्षेपाच्याच जोरावर.

दत्तांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे केली आहे. सगळी कथा आपल्या शब्दांत मळून एकजीव केलेली नाही. त्यांनी मुळातले प्रसंग निवडून ते पद्यात आणले आणि मधली जागा छोट्या गद्य टिपणांनी जोडली. म्हणजे इथे काही सोडलं आहे, हे वाचकाला दिसत राहतं. कापडाला ठिगळ आहे आणि ते लपवलेलं नाही. यासाठी मी त्यांना मानतो.

त्यांच्या महाभारताचे भाग बारा. अकराव्याचं नाव श्राद्ध. त्यात कुरुकुळातल्या स्त्रिया रणांगणावर येतात, गांधारीचा विलाप आहे, अग्निसंस्कार आहेत, आणि शेवटी कर्णाला दिलेलं पाणी. कुंती सांगते की हा तुमचा थोरला भाऊ होता. मी हे वाचलं ती रात्र दादाच्या नवव्या दिवसाची होती. पुस्तक मिटलं नाही, पान उलटलं.

पुढचा भाग, बारावा. अश्वमेध.

मी पुन्हा मागे गेलो. पान चिकटलं असेल असं वाटलं. चिकटलं नव्हतं. मध्ये एक टिपण आहे, त्यात दत्त म्हणतात की खरं महाकाव्य युद्ध आणि अंत्यविधी इथेच संपतं, पुढचं बरंचसं मागाहून आलेलं आहे. ते पुढे सरकले. घोडा आला, राजे जमले, मेजवान्या झाल्या.

शांतिपर्वाचे साडेतीनशेच्या वर अध्याय. अनुशासनपर्वाचे दीडशेच्या वर. अख्ख्या ग्रंथातला सगळ्यात लांब पट्टा हा. तो एका पानाच्या उलटण्यात गेला होता.

आता दत्तांची बाजूही मांडायला हवी. शांतिपर्वात कथा कमी आणि उपदेश फार, हे मीच या पानावर दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म. करवसुली, किल्ले, हेर, मग सांख्य आणि योग. लंडनच्या वाचकाला याचं काय करायचं? आणि मागाहून भर पडली हे अभ्यासकही म्हणतात. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती, सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या पंडितांनी हस्तलिखितं ताडून पाहत १९६६ पर्यंत पूर्ण केलेली, तिच्यात हजारो श्लोक तळटीपांत गेले आणि शांतिपर्व मात्र आपल्या जागी बसून आहे. बरं, धरून चालू की मागाहूनच आलं. तरी कुणाला तरी वाटलं ना की जे सांगायचं ते नेमकं इथे घालावं? श्राद्ध झाल्यावर आणि घोडा सुटण्याआधी. दुसरीकडे कुठे नाही.

का इथे, ते पाहू. शांतिपर्वाचा पहिला अध्याय.

पांडव गंगाकाठी एक महिना शहराबाहेर राहिले आहेत, सुतक फिटावं म्हणून. नारद येतात आणि युधिष्ठिराला विचारतात, जिंकलास, पृथ्वी मिळाली, आनंदात आहेस ना? नारदांचा प्रश्न साधाच, लोक विचारतात तसला. युधिष्ठिर म्हणतो, ही जीत मला हारीसारखी वाटते. आणि मग तो अभिमन्यूवर बोलत नाही, द्रौपदीच्या मुलांवर फार बोलत नाही. कर्णावर बोलतो. भाऊ होता आणि आपण त्याला मारवलं, आईने सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट सांगतो, जी मी याआधी तीनदा वाचली असेन आणि तीनदा ओलांडून गेलो असेन. द्यूतसभेत कर्ण वाटेल ते बोलत होता. युधिष्ठिराला राग येत होता. पण त्याची नजर कर्णाच्या पायांवर गेली आणि राग निवला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. हे साम्य का, याचा तो विचार करत राहिला आणि कारण काही सापडलं नाही.

मंडळी, इथे मी थांबलो.

दादाच्या अंत्ययात्रेला मी उशिरा पोहोचलो. गाडी मिळाली नाही हे खरं, आणि जावं की नाही यात सकाळ घालवली हेही खरं. पोहोचलो तेव्हा त्याला बाहेर आणून ठेवलं होतं. चेहऱ्याकडे बघायचा धीर झाला नाही म्हणून पायांकडे बघितलं. आईचे पाय. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, टाचेला त्याच भेगा. लहानपणी आई म्हणायची, हा पायाने माझ्यावर गेलाय आणि तू जिभेने.

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. कारण सांगण्याजोगं नाही, इतकं लहान आहे. गावच्या घराच्या परसातली विहीर आणि तिच्याकडे जायची वाट, ती वाटणीपत्रात कुणाच्या बाजूला. विहिरीला आता पाणीही नाही. वकिलांची पत्रं गेली, आली. एका लग्नात समोरासमोर आलो तेव्हा तो बोलायला म्हणून पुढे झाला होता, असं मला आता वाटतं. तेव्हा मी पानाची तबकडी शोधायला वळलो.

तर युधिष्ठिराकडे परत. तो म्हणतो, राज्य नको, वनात जातो. आणि त्याचे स्वतःचे लोक त्याची समजूत कशी घालतात ते बघण्यासारखं आहे. अर्जुन रागावतो, धनाशिवाय धर्म कसा होतो ते ऐकवतो. भीम त्याला घोकंपट्टी करणाऱ्या मंद वैदिकाच्या पंगतीला बसवतो. द्रौपदी तर म्हणते, तुझे भाऊ शहाणे असते तर त्यांनी तुला बांधून ठेवून राज्य चालवलं असतं. सांत्वनाला आलेली माणसं रागावतात, हा अनुभव मला नवा नाही. दहाव्याच्या दिवशी एका आप्तांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'तुम्हीच असे बसलात तर वहिनींनी कुणाकडे बघायचं? आणि तुमचं कुठे येणंजाणं होतं!' बोलले ते खोटं नव्हतं.

व्यास समजावतात. कृष्ण सोळा राजांच्या गोष्टी सांगतो, एवढे मोठे तेही गेले. अखेर युधिष्ठिर नगरात येतो, अभिषेक होतो. संक्षेप करणाऱ्याला इथे थांबायला हरकत नव्हती. राजाचं दुःख हलकं झालं, तो सिंहासनावर बसला, बस्स.

पण मग कृष्ण त्याला भीष्मांकडे नेतो. आजोबा बाणांवर पडलेले, आणि ज्याच्यासाठी त्यांना पाडलं तोच उपदेश मागायला आलेला. युधिष्ठिर लाजेने समोर जाईना. भीष्म त्याला जवळ बोलावतात, त्याचं मस्तक हुंगतात, बस म्हणतात, भिऊ नकोस, विचार. हे हुंगणं आपल्याकडच्या आजी-आजोबांनी केलेलं ज्यांना आठवतं, त्यांना मी आणखी काही सांगायला नको. मग सुरू होतात ते शेकडो अध्याय. एक मारणारा नातू आणि एक मरणारा आजोबा. कर किती घ्यावा, शत्रूशी तह कधी करावा, आत्मा म्हणजे काय. मला पूर्वी वाटायचं, हा काय प्रसंग आहे का किल्ल्यांचे प्रकार विचारायचा? आता वाटतं, तो किल्ल्यांविषयी विचारतच नाहीये. आजोबांशेजारी बसून राहायला त्याला प्रश्न हवे आहेत. आजारी माणसाच्या उशाशी आपण पावसापाण्याचं, शेतीचं बोलतो ना, तसं.

आणि एवढं सगळं ऐकून, शांतिपर्व नावाचं ते अफाट पर्व संपल्यावर, अनुशासनपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर पहिलं वाक्य काय बोलतो? की पितामह, तुम्ही शांतीचे पुष्कळ प्रकार सांगितलेत, मला शांती नाही. तुमच्या अंगातले हे बाण आणि हे रक्त बघून मला चैन पडत नाही.

साडेतीनशे अध्यायांनंतर!

दुसऱ्या एखाद्या गुरूने पोथी बंद केली असती. भीष्म पोथी बंद करत नाहीत. ते एक लहानशी गोष्ट सांगतात. गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाचा व्याध त्या सापाला दोरीने बांधून घेऊन आला, कसा मारू सांग म्हणाला. ती म्हणाली, सोड त्याला, तो मेल्याने माझा मुलगा उठणार आहे का? व्याध ऐकेना. साप म्हणाला, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू आला, म्हणाला, मला काळाने. काळ आला, म्हणाला, याचं कर्म. गौतमी म्हणाली, त्याचं कर्म आणि माझंही. सापाची दोरी सुटली. या गोष्टीवर मी उद्या सविस्तर लिहिणार आहे, तिच्यात एक अडचण आहे जी मला उलगडलेली नाही. गौतमीच्या तोंडी जे शोभतं ते युधिष्ठिराच्या तोंडी शोभेल का? तिने साप धाडला नव्हता. अर्जुनाला कर्णावर सोडणारा मात्र युधिष्ठिरच होता. 'ज्याचं त्याचं कर्म' हे ज्याच्या हातून घडलं त्यानेच म्हणणं, यात मला खोट दिसते. आणि भीष्मांनी नेमकी हीच गोष्ट का निवडली? उद्या पाहू.

आज एवढंच बघा, की तेही पुरलेलं नाही. भीष्म जातात. त्यांना पाणी देऊन युधिष्ठिर गंगेतून वर येतो आणि काठावरच कोसळतो, व्याधाने विंधलेल्या हत्तीसारखा. अश्वमेधपर्वाचा आरंभ हा आहे. कृष्ण खुणावतो आणि त्याला सावरून धरतो तो कोण? भीम, ज्याने आधी सगळ्यात जास्त सुनावलं होतं. धृतराष्ट्र, ज्याचे शंभर गेले, तो ह्याचं सांत्वन करतो. व्यासही वैतागतात. इतकं सांगितलं ते सगळं वाऱ्यावर गेलं का, अशा अर्थाचं बोलतात. म्हणजे ग्रंथकर्त्यालाही कळतंय की फार झालं. तरी त्याने ते कापलं नाही. दत्तांचा घोडा येतो तो यानंतर.

मुळात तो घोडा किती दुरून चालत आलाय, हे दत्तांच्या पुस्तकात कळत नाही. त्यांनी कथा पूर्ण दिली, त्यात काही चुकलेलं नाही. घटना घ्यायच्या म्हटल्या तर शांतिपर्वात घडतं काय? एक माणूस बसतो आणि बोलतो. पण ते बसणं किती लांबलं, हेच तिथे सांगायचं आहे आणि ते थोडक्यात सांगता येत नाही. 'बरेच दिवस त्याला शांती मिळाली नाही' हे एक वाक्य झालं. साडेतीनशे अध्याय वाचून झाल्यावर 'मला शांती नाही' हे ऐकणं, ही दुसरीच गोष्ट आहे. वाचणाराही तोवर थकलेला असतो, त्याचंही मन आता पुरे म्हणत असतं, आणि मग तो धर्मराजाचं वाक्य वाचतो.

मी संक्षिप्त वाचणाऱ्यांना आजवर नावं ठेवत आलो, ती आता परत घेतो. माझी नात इंग्रजी शाळेत जाते, तिने दत्त वाचावेत, राजाजींचं वाचावं, जे हाताला लागेल ते वाचावं. मराठीत पूर्ण ग्रंथ घरात असूनही मी शांतिपर्वाची पानं भराभर उलटत होतो. एका इंग्रजी पुस्तकाने ती पानं गाळून दाखवली तेव्हा मला ती दिसली. फक्त तिने पुढेमागे एवढं विचारावं, की श्राद्ध झालं आणि घोडा सुटला, मध्ये काय झालं?

काल रात्री वहिनींना फोन केला. नंबर पाठ होता, याचं मलाच नवल वाटलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही बोलता आलं नाही. 'चुकलं' एवढं म्हणालो की नाही तेही आता नक्की सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, 'भावोजी, जेवलात का?' मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग म्हणाल्या, 'मामंजींचं एक पुस्तक होतं, कवितांचं, इंग्रजी. हे मागच्या दिवाळीपासून शोधत होते. सगळे माळे उपसून झाले. तुमच्याकडे तर नाही ना आलं?'

शनिवारी सकाळच्या एसटीने गावी जातो आहे. उद्याचं चिंतन, गौतमीचं, तेवढं लिहून ठेवतो. त्यापुढचे दोन दिवस खंड पडेल.

राम कृष्ण हरि.